गोपनीय शिक्क्याचा कागद ग्रुपवर टाकला, आता ठाण्यातून बोलावणं

सोयाबीनवाला
मंडळी, घाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

विषय माझ्या भाच्याचा. वय २६. पैनगंगेच्या काठचं गाव, तालुका सांगत नाही. पोरगा एका जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. वार्ताहर म्हणजे पगार शून्य, जाहिरात आणली की कमिशन. पोटाला झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान, सोबत एक यूट्यूब चॅनल. पावसाळ्यात नदी शेतात शिरली, पंचनामे झाले, अनुदानाची यादी लागली. यादीत अशी नावं निघाली की ज्यांचं शेत टेकाडावर, नदीचं पाणी तिथं आजोबाच्या काळातही पोचलं नव्हतं. दोघं तर वारलेले. बोंब झाली, वरून चौकशी लागली. चौकशीचा अहवाल झाला आणि दाबून ठेवला. तो अहवाल कुणीतरी भाच्याला दिला. वर लाल शिक्का, गोपनीय. त्यानं यादीसकट सगळा तालुक्याच्या ग्रुपवर आणि चॅनलवर टाकून दिला. पेपरनं बातमी घेतली नाही. दिवाळी विशेषांक तोंडावर आहे, जाहिराती जातील म्हणे.

परवा ठाण्यातून फोन आला. "कागद कोणी दिला ते सांग, नाहीतर शासकीय गुपितांचा कायदा लावतो, चौदा वर्षं आत जाशील." ताई तेव्हापासून जेवली नाही. मला रात्री साडेअकराला फोन, "दादा, पोरानं काय देशद्रोह केला का?"

दोन प्रश्न. असा कायदा खरंच लागतो का? आणि पोरानं नाव सांगावं का?

पूर_पैनगंगा
नाव सांगू नको म्हणा. बस.

वऱ्हाडी_ठेचा
काऊन बाप्पा, पऱ्हाटीच्या पंचनाम्याची यादी कधीपासून अणुबॉम्बच्या पेटीत ठिवाले लागले? उद्या राशनच्या दुकानातली साखर मोजली तर म्हनतीन शत्रूले साठा सांगितला.

नागपूरची_वकीलीण
सोयाबीनवाला, आधी ताईंना जेवायला सांगा. चौदा वर्षं वगैरे काही नाही.

शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा. त्यात चौदा वर्षांची शिक्षा आहे ती कलम ३ मध्ये, म्हणजे हेरगिरी, आणि तीही मुख्यतः संरक्षणाशी संबंधित बाबींत. कागद बेकायदा देणं-घेणं हे कलम ५, तिथं जास्तीत जास्त तीन वर्षं. हे कलम ५ वाईट आहे, कारण देणाऱ्यासोबत घेणाराही त्यात अडकू शकतो आणि 'गुपित' म्हणजे नेमकं काय याची व्याख्या कायद्यात कुठेच नाही. पण एक गोष्ट ठाणेदार सांगत नाहीत. कलम १३ प्रमाणे सरकारच्या आदेशानं किंवा अधिकारपत्रानं तक्रार आल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. कुणा साहेबाला राग आला म्हणून खटला उभा राहत नाही.

आपल्याच भागातलं उदाहरण देते. वर्ध्यात २०१८ मध्ये शेजाऱ्याशी वाद म्हणून एक जण ठाण्यात गेला, तिथं मोबाइलवर चित्रीकरण करताना दिसला, तर त्याच्यावर याच कायद्याखाली गुन्हा. २०२२ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो रद्द केला. पोलीस ठाणं हे या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं साफ सांगितलं. पण मधली चार वर्षं त्या माणसानं तारखाच मोजल्या असतील, हेही लक्षात ठेवा.

आता भाच्यानं करायचं काय. फोनवर बोलावलं तर नम्रपणे लेखी नोटीस मागायची. नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १७९ ची असेल तर तो साक्षीदार, ३५(३) ची असेल तर आरोपी, ९४ ची असेल तर कागद किंवा फोन हजर करायला सांगतायत. तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकटा जाऊ नको म्हणावं. आणि फोन हातात देऊ नको. जप्तच केला तर पंचनामा करून, पावती घेऊन.

सोयाबीनवाला
ताई, लाख लाख आभार. नोटीस नाही, नुसता फोन आहे. उद्या अकराला बोलावलंय.

शिस्तप्रिय
मी वेगळं बोलणार, शिव्या खायची तयारी ठेवून. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे.

चौकशी चालू असताना अहवाल बाहेर गेला की काय होतं ते मी पाहिलंय. ज्यांची नावं आहेत ते सावध होतात, जुन्या तारखांचे कागद तयार होतात, साक्षीदार फिरतात. माहिती अधिकाराच्या कायद्यातही कलम ८(१)(एच) आहे, तपासात अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. उगीच नाही ठेवलं ते. आणि यादीत नाव आहे म्हणजे तो चोर, हे कुणी ठरवलं? कधी तलाठ्यानं गट नंबर चुकवलेला असतो, कधी बाप वारल्यावर फेरफार झालेला नसतो म्हणून सातबाऱ्यावर अजून बापच असतो. तुमचे 'वारलेले दोघं' त्यातलेच नसतील कशावरून? त्या घरांची गावात काय अब्रू राहिली असेल?

वऱ्हाडी_ठेचा
साहेब, चौकशी चालू होती म्हनता, पन थो अहवाल दाबून ठिवला होता असं भाऊनं पैलेच लिवलं हाय. झोपलेल्या मान्साले जागं करनं म्हनजे झोपेत अडथळा, हे कबूल.

शिस्तप्रिय
ठेचा, विनोद चांगला आहे. अब्रूच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत.

टेक्सासचा_तिवसेकर
मला हा धागा वाचून ज्युलियन असांज आठवला. हसू नका. माप वेगळं, कापड तेच.

त्याच्या विकीलीक्स या संकेतस्थळानं २०१० मध्ये अफगाणिस्तान आणि इराक युद्धाचे कागद, हेलिकॉप्टरमधून बगदादमध्ये माणसं टिपल्याचा व्हिडिओ आणि पुढे अमेरिकन दूतावासांच्या तारा, म्हणजे अंतर्गत संदेश, बाहेर काढल्या. अमेरिकेनं त्याच्यावर जे आरोप ठेवले त्यातले १७ हेरगिरीच्या १९१७ च्या कायद्याखालचे, एक संगणकात घुसखोरीच्या कटाचा. सगळे धरून कमाल शिक्षा १७५ वर्षं. सात वर्षं लंडनमध्ये इक्वेडोरच्या दूतावासात, मग २०१९ पासून बेलमार्श तुरुंग. शेवटी जून २०२४ मध्ये पॅसिफिकमधल्या सायपान बेटावरच्या कोर्टात एका आरोपाची कबुली देऊन, भोगली तेवढी शिक्षा धरून, ऑस्ट्रेलियाला घरी गेला. इथं पत्रकार मंडळींना झोंबलं ते वेगळंच. त्यानं कागद चोरले की नाही हा वाद बाजूला ठेवा, नुसतं मिळवणं आणि छापणं हाच गुन्हा धरला गेला, आणि कबुलीही तशाच आरोपाची घेतली गेली.

१९७१ मध्ये डॅनियल एल्सबर्गनं व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद वर्तमानपत्रांना दिले तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं होतं की वर्तमानपत्रांना छापण्यापासून रोखता येणार नाही. छापल्यानंतर खटला भरता येईल का, ते दार मात्र किलकिलं ठेवलं. ते दार असांजवर उघडलं.

वऱ्हाडी_ठेचा
तिवसेकर, तुमची गाडी बगदादवरून सायपानले गेली, मधात मूर्तिजापूर स्टेसन लागते का पाहा. भाच्याले उद्या अकराले ठान्यात जाचं हाय.

टेक्सासचा_तिवसेकर
हा हा. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून मूर्तिजापूरवरून गाडी बदलत नाही भाऊ.

पूर_पैनगंगा
शकुंतलेवर वेगळा धागा काढा रे, मी येतो. अचलपूरला आजीकडे जायचो त्या गाडीनं. माणूस उतरून लघवी करून परत चढू शकायचा.

नागपूरची_वकीलीण
आपल्याकडेही एकदा तो १९७१ चा निकाल कामी आला, तिवसेकर. राफेल विमान खरेदीच्या वादात. मार्च २०१९ मध्ये महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की संरक्षण मंत्रालयातून कागद चोरीला गेले, छापणाऱ्यांवर गुपितांचा कायदा लावू. दोन दिवसांत खुलासा, चोरी म्हणजे मूळ कागद नव्हे, झेरॉक्स. १० एप्रिलला न्यायालयानं सरकारचा आक्षेप फेटाळला, एकदा छापून आलेले कागद आम्ही पाहू म्हणाले, आणि त्यात या अमेरिकन निकालाचा आधार घेतला. पुढे नोव्हेंबरमध्ये मूळ फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या, ती गोष्ट वेगळी.

वऱ्हाडी_ठेचा
म्हनजे देशाचं संरक्षन झेरॉक्सवाल्याच्या हाती. अन् आपला भाचा झेरॉक्सवालाच. घ्या.

जुनी_पानं
शिस्तप्रियांचा मुद्दा हसण्यावारी जाऊ नये. गुपित छापण्याचा मराठी पत्रकारितेतला सगळ्यात गाजलेला खटला आठवा. १८८२. कोल्हापूरच्या छत्रपतींचा कारभारी बर्वे छळ करतो अशी बोलवा होती. टिळक-आगरकरांना बर्व्यांची म्हणून काही गुप्त पत्रं मिळाली, ती त्यांनी 'केसरी' आणि 'मराठा'त छापली. हेतू चांगला. छत्रपतींचे हाल खरे. पण पत्रं बनावट निघाली. अब्रुनुकसानीत चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघं सुटले. लोकांनी डोक्यावर घेतलं, पण कागद खोटाच होता ना? आगरकर आपल्या अकोल्यात शिकलेले, म्हणून इथं हक्कानं सांगतो.

आणि मुळात गुपितांचा कायदा आपल्याकडे कसा आला तेही मजेशीर आहे. १८८९ मध्ये 'अमृत बझार पत्रिके'नं काश्मीरच्या महाराजांबद्दलचा सरकारचा गुप्त कागद छापला. त्याच वर्षी पहिला कायदा झाला. कर्झननं १९०४ मध्ये तो आणखी आवळला, १९२३ मध्ये आजचं रूप आलं. म्हणजे ह्या कायद्याचा जन्मच एका बातमीच्या रागातून. २००६ मध्ये दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानं तो रद्द करा म्हणून शिफारस केली. अजून आहे.

तर सोयाबीनवाला, माझा प्रश्न एवढाच. भाच्यानं अहवाल खरा आहे हे तपासलं का? टेकाडावरच्या शेतात जाऊन उभा राहिला का?

सोयाबीनवाला
गेला होता. गट नंबर घेऊन, सातबारे काढून, सहा शेतांचे फोटो आहेत. वारलेल्या दोघांपैकी एकाचं शिस्तप्रिय म्हणतात तसंच निघालं, फेरफार व्हायचा आहे, शेत खरंच बुडालं होतं. ते भाच्यानं व्हिडिओत सांगितलं नाही. मी त्याला बोललो त्यावर. दुसरा मात्र ज्याच्या नावावर शेतच नव्हतं असा.

शिस्तप्रिय
बघा.

बस्ता_बांधून_बसलेला_तलाठी
दोन दिवस सोयाबीन काढणीच्या गडबडीत होतो, आता सगळा धागा वाचला. मी तलाठी म्हणून निवृत्त, तीस वर्षं बस्ते बांधले.

शिक्क्याचं सांगतो. आमच्या टेबलावर तीन शिक्के असायचे, 'तातडीचे', 'अत्यंत तातडीचे' आणि 'गोपनीय'. पहिल्या दोनांनी कागद हलत नसे, म्हणून कधीकधी कारकून तिसरा मारायचा, निदान पाकीट तरी साहेब स्वतः फोडतील. असल्या शिक्क्यानं कागद कायद्यातलं गुपित होत नाही. वकीलताई बरोबर का?

नागपूरची_वकीलीण
बरोबर. मंत्रिमंडळाची टिपणी छापली म्हणून १९९९ मध्ये दिल्लीतल्या एका आर्थिक दैनिकाच्या पत्रकारावर खटला झाला, २००९ मध्ये न्यायालयानं सोडलं. नुसतं 'गुप्त' लिहिलं म्हणून कागद त्या कायद्याखाली येत नाही. पुन्हा दहा वर्षं, हे मोजाच.

बस्ता_बांधून_बसलेला_तलाठी
आता यादीचं. पंचनाम्यावर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक, तिघांच्या सह्या लागतात. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मदत. आणि मदतीचा शासन निर्णय निघतो त्यात दर वेळी एक ओळ असते, लाभार्थ्यांची यादी आणि दिलेल्या रकमेचा तपशील जिल्ह्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा. माहिती अधिकाराचं कलम ४ तेच सांगतं, अनुदान कुणाला किती दिलं ते कुणी मागायची वाट न पाहता जाहीर करा. म्हणजे भाच्यानं जी यादी 'फोडली' ती मुळात चावडीवर चिकटवायची यादी होती! चिकटवायची नाही म्हणून कुणी ती खणात ठेवली, एवढंच तिचं गुपित. चौकशी अहवालाचं शिस्तप्रिय म्हणतात ते थोडं खरं धरू.

आम्ही लावायचो का? खरं सांगतो, निम्म्या वेळा. लावली की दुसऱ्या दिवशी दारात वीस माणसं. 'माहं नाव काऊन नाई' म्हणून. कंटाळा यायचा. भ्रष्टाचार असतोच असं नाही, कंटाळाही असतो.

पूर_पैनगंगा
तलाठीभाऊ, ही कबुली फ्रेम करून ठेवण्यासारखी आहे.

माऊ_अचलपूर
एक विचारू? जी यादी ग्रुपवर टाकली त्यात फक्त नावं आणि रकमा होत्या, की बँक खाते क्रमांक, आधार, मोबाइल नंबर पण? कारण आमच्याकडच्या याद्यांत सगळं असतं.

वऱ्हाडी_ठेचा
माऊताई, सोयाबीनवाले उत्तर देईस्तवर येक गंमत. आमच्या तहसीलमध्ये भितीवर बोर्ड हाय, "शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम ३५३ अन्वये कारवाई". जुनी संहिता गेली, आता नव्या न्याय संहितेत थे १३२ झालं, पन बोर्ड तसाच. म्या बाबूले म्हनलं बोर्ड बदला. थो म्हने "कामात अडथळा आणू नका".

पूर_पैनगंगा
खरं हत्यार तेच आहे. गुपितांचा कायदा सांगायला, ३५३ लावायला. टेबलाशी आवाज चढला की झालं. आमच्या भागात वार्ताहराला १९२३ च्या कायद्यापेक्षा ३५३ ची आणि खंडणीच्या कलमाची भीती जास्त. आणि खंडणीचा आरोप चिकटतोही पटकन, कारण १५ ऑगस्ट-२६ जानेवारीच्या शुभेच्छा जाहिराती मागायला तोच वार्ताहर त्याच सरपंचाच्या, त्याच ठेकेदाराच्या दारात जातो. पेपर पगार देत नाही, वरून जाहिरातीचं टार्गेट देतो. मग बातमी कुठली आणि वसुली कुठली, ठाणेदाराला ठरवू द्यायचं?

माऊ_अचलपूर
२०१९ मध्ये उत्तर प्रदेशात मिर्झापूरला शाळेत मुलांना मीठ-पोळी वाढतात असा व्हिडिओ करणाऱ्या पत्रकारावरच गुन्हा झाला होता, कट केला म्हणून. नंतर निर्दोष म्हणून नाव काढलं. तिथं तर शिक्कासुद्धा नव्हता, ताटलीच गोपनीय. माझा प्रश्न अजून बाकी आहे.

अभियंता_पण_बोलतो
विदर्भानं कागद फोडणाऱ्यांना नावं ठेवू नयेत असं मला वाटतं. मुख्य अभियंता विजय पांढरे यांचं २०१२ चं पत्र आठवा, सिंचन प्रकल्पांच्या गैरप्रकारांबद्दलचं. ते पेपरांत आलं म्हणून तर कळलं. विदर्भ पाटबंधारे महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये सात महिन्यांत २०,०५० कोटींनी वाढवली गेली, हा आकडा कुणी आपणहून चावडीवर लावला होता का? गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ चं. मी तेव्हा चौथीत होतो, आता चाळिशीचा चष्मा जुना झालाय.

पण पांढरे मुख्य अभियंता होते. सहीनिशी लिहिलं, नावानं उभे राहिले. पाच-दहा हजारांवर कंत्राटी बसलेल्या पोराला ते परवडत नाही. तो कागद देतो आणि घरी जाऊन गप्प झोपायचा प्रयत्न करतो.

सोयाबीनवाला
माऊताई, उत्तर उशिरा देतोय कारण द्यायची लाज वाटत होती. होय. खाते क्रमांक होते. आधारचे पूर्ण आकडे होते. मोबाइल नंबरही. २१८ शेतकऱ्यांचे. भाच्यानं पानांचे फोटो जसेच्या तसे टाकले. मी इथं पहिल्या दिवशी लिहिताना तो भाग गाळला.

यादीतल्या एका विधवा बाईला काल फोन आला, "तुमचं अनुदान अडकलंय, ओटीपी सांगा." पूर्ण नाव, गाव, गट नंबर सगळं सांगितलं समोरच्यानं, म्हणून तिला खरं वाटलं. तिचा मुलगा शेजारी होता म्हणून थांबली. तो फोन याच यादीवरून आला की कुठून, देव जाणे. पण ती बाई भाच्याच्या दुकानात येऊन बसली आणि काहीच बोलली नाही. भाचा म्हणतो, मामा, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

शिस्तप्रिय
आता मी 'बघा' म्हणणार नाही. पोरगा घाबरला असेल.

माऊ_अचलपूर
म्हणून विचारलं. ग्रुपमधून पुसून टाकायला सांगा लगेच, ॲडमिनलाही. गेलेलं परत येत नाही, तरी.

टेक्सासचा_तिवसेकर
ठेचाभाऊंची माफी मागून परत सायपानला जातो. असांजचे मित्र दुरावले ते नेमके इथंच. सुरुवातीला त्यानं मोठ्या वर्तमानपत्रांबरोबर नावं झाकून तारा छापल्या. सप्टेंबर २०११ मध्ये अडीच लाख तारा काहीही न झाकता बाहेर आल्या, त्यात अमेरिकन वकिलातींशी खाजगीत बोललेल्या सामान्य माणसांची नावं होती. बरोबर काम केलेल्या पेपरांनी जाहीर निषेध केला. विकीलीक्सवाले म्हणाले, पासवर्ड तुमच्याच पत्रकाराच्या पुस्तकातून फुटला. वाद आजही चालू आहे.

माझं मत सांगू? यादी छापणं बरोबर होतं, आकडे न झाकणं चूक होती, आणि दुसऱ्या चुकीसाठी पहिल्या कामाची शिक्षा देऊ नये.

नागपूरची_वकीलीण
तिवसेकरांशी सहमत, फक्त पोलीस हा फरक करत नाहीत. चूक सापडली की सगळं एकाच दोरीनं बांधतात. सोयाबीनवाला, अकराला काय झालं ते सांगा.

सोयाबीनवाला
सांगतो. सोबत आमच्या गावचे एक वकील गेले, मोटरसायकलवर, डबलसीट. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पोरानं लेखी नोटीस मागितली. साहेब दहा मिनिटं गरम झाले, मग "बस, चहा घे". नोटीस काही दिली नाही. गुपितांच्या कायद्याचं नाव दुसऱ्यांदा घेतलं नाही, वकिलांनी कलम १३ काढल्यावर तर नाहीच. म्हणाले, पुन्हा बोलावलं तर ये. फोन मागितला, दिला नाही. नाव विचारलं, "मला पाकिटात मिळालं" म्हणाला.

मग साहेबांनी आपल्याच मोबाइलवर भाच्यानं टाकलेला फोटो मोठा करून दाखवला. पानाच्या कडेला टेबलाची काच दिसते. काचेखाली गजानन महाराजांचा फोटो, त्याच्या बाजूला एका बियाणे कंपनीचं कॅलेंडर, कोपरा फाटलेला. साहेब म्हणाले, "तुझं पाकीट हे टेबल घेऊन आलं होतं का?"

वऱ्हाडी_ठेचा
अरे देवा.

टेक्सासचा_तिवसेकर
रिॲलिटी विनर! २०१७. अमेरिकेत एका कंत्राटी कर्मचारी मुलीनं गुप्त अहवाल एका वेबसाइटला टपालानं पाठवला. त्यांनी तो खरा आहे का हे विचारायला सरकारलाच प्रत दाखवली. कागदावर घडीच्या खुणा होत्या, म्हणजे छापून नेलेला. कुणी कुणी छापला ते काढलं तर सहा जण. ती सापडली, पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा. छापणारी वेबसाइट चालूच राहिली. असांजला कागद देणाऱ्या चेल्सी मॅनिंगलाही ३५ वर्षं झाली होती, २०१७ मध्ये ओबामांनी ती कमी केली.

जुनी_पानं
काश्मीर टाइम्सच्या इफ्तिखार गिलानींचं उलटं झालं होतं. २००२ मध्ये त्यांच्या संगणकात सैन्याच्या तैनातीचा कागद सापडला म्हणून हाच कायदा लावून तिहारमध्ये टाकलं. तो कागद इंटरनेटवर कुणालाही वाचता येण्यासारखा. सात महिन्यांनी सरकारनं खटला मागे घेतला. तिथं कागद देणारा कुणी नव्हताच, तरी 'कोणी दिला' हाच प्रश्न.

पूर_पैनगंगा
मग मी पहिल्याच दिवशी 'नाव सांगू नको' म्हटलं ते फुकटच गेलं. नाव फोटोतच होतं.

सोयाबीनवाला
फुकट गेलं. कागद देणारा पोरगा त्या कार्यालयात आउटसोर्सिंगचा डाटा एंट्री ऑपरेटर आहे. काल संध्याकाळी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. कागद नाही, आदेश नाही, मेमो नाही. एजन्सीवाला म्हणतो वरून फोन आला, वरचे म्हणतात एजन्सीला विचारा. अकरा महिन्यांच्या कराराचे आठ झाले होते. भाच्यावर कसलाच गुन्हा नाही, चॅनलचे सबस्क्रायबर दुप्पट झाले. ताई जेवली. भाचा मात्र कालपासून दुकान उघडत नाही.

नागपूरची_वकीलीण
'जागल्यां'ना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संसदेनं केला, राष्ट्रपतींची सही झाली, तो लागू व्हायची तारीख अजून निघालेली नाही. त्यामुळे त्या मुलासाठी तिकडून काही नाही. कामगार कायद्यातून पाहता येईल. त्याला माझ्या खरडवहीत लिहायला सांगा, फी नको. हजेरीचे कागद, पगाराच्या बँक नोंदी, ओळखपत्र, काय असेल ते जमवून ठेव म्हणावं. आणि भाच्याला सांगा, स्रोताचं नाव न सांगण्याचा पत्रकाराला पक्का कायदेशीर हक्क आपल्याकडे नाही. विधी आयोगानं १९८३ मध्ये शिफारस केली होती. २०२१ च्या पेगॅसस फोन-हेरगिरी प्रकरणाच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं स्रोताच्या संरक्षणाला वृत्तपत्र स्वातंत्र्याची मूलभूत अट म्हटलं. तेवढ्यावर लढता येतं.

बस्ता_बांधून_बसलेला_तलाठी
मी त्या एजन्सीवाल्यांना ओळखत नाही, पण त्या कार्यालयात माझे दोन जुने सहकारी आहेत. फोन करून पाहतो. काच मात्र सगळ्यांच्या टेबलावर असते हो, आणि महाराजही. निदान शंका घ्यायला जागा आहे.

शिस्तप्रिय
माझ्याही टेबलावर होती. कॅलेंडर वेगळ्या कंपनीचं.

सोयाबीनवाला
भाच्यानं काल रात्री यादी पुन्हा टाकली, खाते आणि आधारचे आकडे काळे करून, आणि फेरफारवाल्या घराची माफी मागून. चौकशी अहवाल टाकला नाही, त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज केलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. तीस दिवस मोजतोय. तो ऑपरेटर पोरगा आज दुकानात बसला होता, झेरॉक्स काढून देत. तीनशे रुपये रोज ठरवलाय भाच्यानं, घेईल की नाही माहीत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
माह्याकडून त्याले शंभर झेरॉक्सची ऑर्डर. कायच्या ते नंतर सांगतो, गोपनीय हाय.

नवीन_सभासद_४४१
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. सगळा धागा वाचला नाही. ती यादी कुठे पाहायला मिळेल? आमचं शेत दोन दिवस पाण्याखाली होतं, नाव आलं की नाही ते अजून कुणी सांगत नाही.